आईचा खोडलेला हिवाळा

अन्याय माझ्या आईवर झाला. १९९६ साली, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या बैठकीत. तिच्या अहवालातल्या हिवाळ्याच्या आकड्यांवर तिच्या ऑफिसच्या साहेबांनी आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मॅडम, कोहरे में तो मशीन भी गड़बड़ाती है. जाड़ा हटा दीजिए, रिपोर्ट साफ़ हो जाएगी."

हिवाळाच काढला की साफ म्हणे!

आई शास्त्रज्ञ आहे. लखनौच्या हवेतला किरणोत्सर्ग मोजते. दचकू नका, तो कुठल्या कारखान्यातून गळलेला नाही. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू सतत वर येतो, तुमच्या अंगणातूनही. त्यातून तयार होणारे किरणोत्सर्गी अणू हवेतल्या धुळीला, धुराला चिकटतात. आई पंपाने हवा ओढून ते कण एका गोल फिल्टरवर धरते आणि फिल्टर मोजणीच्या यंत्राखाली ठेवते. उन्हाळ्यात लू, तो तापलेला वारा, सगळं उधळून टाकते. थंडीत मात्र धुकं झाकणासारखं बसतं, वायू आणि अंगीठ्या-शेगड्यांचा धूर खालीच कोंडतो, आणि सकाळचे आकडे चढतात. हेच तर तिचं म्हणणं होतं. साहेबांनी नेमकं तेच खोडलं.

मी कॉलेजात होते, पत्रकं लिहून हात तयार झालेला. त्याच संध्याकाळी एक खरडलं: 'लखनौच्या हवेत किरणोत्सर्ग! सत्य दडपलं जातंय!' आई मटार सोलत होती. सोलता सोलता तिने वाचलं.

"अर्धंच लिहिलंयस."

"अर्धं कसं?"

"फिल्टरवरचं निम्मं तर तासाभराच्या आतच विरतं, ते कुठाय? हा वायू माणसाच्या आधीपासून हवेत आहे, ते कुठाय? लोक उगाच घाबरतील, आणि साहेब शहाणे ठरतील."

"आई, यार, मी तुझ्याच बाजूने लिहितेय!"

"माझ्या बाजूने नको. मोजलंय तेवढंच लिही."

पत्रक मी टराटरा फाडलं. इतका राग आला होता. आज तीच गोष्ट मी मैत्रिणींना कॉलर ताठ करून सांगते.

साहेबांच्या मते दोष ऑफिसच्या गच्चीवरल्या पंपात होता. ठीक आहे. पुढच्या थंडीत आईने रीतसर परवानगी काढून भांडारात धूळ खात पडलेला दुसरा पंप महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी आणला. बाबा रेल्वेत इंजिनियर. मानक नगरच्या कचेरीतून परतले की मोटर उघडून बसायचे. पंप सुरू झाला, पण गच्चीच्या जिन्याला घरमालकांचं कुलूप.

"बहनजी, ये खींचती क्या है?"

"हवा, भाईसाहब."

"हवा के लिए मशीन? हमारी तो नाक ही काफ़ी है!"

तरी पहिल्या दिवशी किल्ली दिली आणि मागोमाग स्वतःही वर आले. पांढराशुभ्र लावलेला फिल्टर आईने काढला तेव्हा तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. ते बघत राहिले. "ये सब... नाक से?" "जी." त्यानंतर जिन्याची किल्ली आमच्याच खिळ्याला राहिली.

मग पळापळ. फिल्टरवरचं विरायच्या आत ऑफिसातलं मोजणीचं यंत्र गाठायचं. धुक्यात बाबांची स्कूटर, मागे स्वेटरवर शाल घट्ट लपेटलेली आई, मांडीवर फिल्टरचा डबा. बाबा दर वेळी तेच म्हणायचे, "तुझा फिल्टर म्हणजे चौक बाजारातली मक्खन-मलाई, नुसता दुधाचा फेस. ऊन चढलं की गायब!" आणि आई दर वेळी तेच, "बोलू नका, चालवा."

दुसरा पंप, दुसरी गच्ची. तरी धुक्याच्या सकाळी आकडे तसेच चढले, वारा सुटला की उतरले. मशीन गडबडलं नव्हतं. आईने कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "घर की एक छत से क्या साबित होता है, मॅडम?"

मी घरी थयथयाट केला. आई म्हणाली, "रेघ मारली ते चूक. पण हा प्रश्न बरोबर आहे. एक गच्ची पुरत नाही."

अशी आहे माझी आई. ज्याने तिचं काम खोडलं त्याच्या तोंडातलाही बरोबर प्रश्न ती उचलून घेते. मला ते जमत नाही. मला मागता येतं, म्हणून मागते.

खोडलेला हिवाळा अहवालात परत यायचा तर आणखी गच्च्या हव्यात. चौकातली, मानक नगरातली, कुठलीही. एक कोपरा आणि विजेचा एक प्लग, बस्स. पंप आम्ही आणू, फिल्टर आई लावेल, आकडा काय आला ते तुम्हाला पूर्ण सांगेल, अर्धं नाही. दिवाळी झाली की धुकं पडेल. त्याआधी तुमच्या जिन्याची किल्ली द्या.