एवढा एक घ्याच

दुपारच्या खेळाला थिएटरात आम्ही जेमतेम वीसजण होतो. सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या खटल्यावर बेतलेला. खानावळ चालवणारी एक बाई जेवायला आलेल्या वाटसरूंना विष घालून मारते. रक्ताचा थेंब दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही. ती फक्त वाढते. पानासमोर वाकून, पदर सावरत म्हणते, "एवढा एक घ्याच. माझ्यासाठी." समोरचा नको म्हणतो, हसतो आणि घेतो.

तो सूर माझ्या ओळखीचा होता. आई, मावशी, सासूबाई, सगळ्या असंच वाढतात. आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी खरं मानतच नाही. त्या बाईला एवढंच पुरलं होतं.

मध्यंतरात दिवे लागले. शेजारच्या अनोळखी आजींनी पिशवीतून डबा काढला.

"घरचा आहे, बेसनाचा. घ्या."

"नको, खरंच नको."

"अहो, एवढा एक घ्याच."

माझा हात उचललाच गेला नाही. क्षणभरच, पण त्यांना ते कळलं. त्यांनी कोऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं, लाडवाचे दोन भाग केले, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि तो सावकाश खाऊन झाल्यावर दुसरा माझ्यापुढे धरला.

दिवे मालवल्यावर मी तो खाल्ला. फार सुरेख झाला होता, तसं मी त्यांना सांगितलंही.

त्या हसल्या आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आणखी एक घ्या, असं मात्र म्हणाल्या नाहीत.