माझी भीती त्यांना हवी होती

"झोप आत," प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला. मराठीत. आपल्या भाषेत.

समोर लाकडी पेटी. इथे आखातात मेलेल्या माणसाला गावी धाडतात, तसली. इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात शूटिंग चाललं होतं. मी ड्रायव्हर. डायरेक्टरसाहेबांना अबू हमूर भागातल्या व्हिलातून आणायचं, परत सोडायचं, एवढंच माझं काम. प्रेताचं काम करणारा माणूस त्या दिवशी आला नाही. मग बोट माझ्याकडे वळलं.

"सर, मी ड्रायव्हर आहे."

"मग? मेलेल्याला कुठे ॲक्टिंग यावी लागते! यल्ला, चल, शर्ट काढ."

सगळे हसले. मी शर्ट काढला. माझा रूममेट, नांदेडकडचा, अशाच पेटीतून गावी गेला होता. ती उचलायला मी होतो.

झाकण बसलं. काळोख. बाहेर लाइटवरून वाद सुरू झाला आणि मला विसरले. श्वास पुरेना. मी झाकणावर बुक्क्या मारल्या. आईला हाक मारली. ओरडून मारली. झाकण उघडलं तेव्हा कॅमेरा माझ्या तोंडावर होता.

"व्हेरी गुड! रिअल फिअर," डायरेक्टर म्हणाले. "वन मोर."

हे साहेब मला आवडायचे. चेक देशाचे, सत्तरी ओलांडलेले. गाडीत पुढे, माझ्या शेजारी बसायचे. सोप्या इंग्रजीत स्वतःचं सांगायचे. तरुणपणी पहिला सिनेमा काढला, तो सरकारने कपाटात कोंडला. मग कित्येक वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकला. पटकथा लिहायच्या, पडद्यावर नाव मित्राचं. राजवट पडली, सिनेमा बाहेर आला, बक्षिसं मिळाली, जग फिरले. हे सांगताना त्यांचा आवाज अजून कापायचा. मला वाटायचं, ह्यांना आपलं कळेल.

कळलं होतंच. म्हणून तर ते त्यांना कॅमेऱ्यात हवं होतं.

"नो," मी म्हणालो. परत म्हणालो, "नो सर. तुमचा सिनेमा कोंडला तर तुम्हाला एवढं लागलं. मी तर जिवंत माणूस आहे." मोडक्या इंग्रजीत, पण सगळं बोललो.

मॅनेजर कानाशी आला. "व्हिसा कॅन्सल करीन. खलास. बस मग गावी."

मी शर्ट घातला, बटणं लावू लागलो. डायरेक्टर माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता माफी मागतील. ते कॅमेरामनकडे वळले.

"हे रेकॉर्ड झालं ना?" डायरेक्टरने विचारलं.

तेव्हापासून मी त्याला साहेब म्हणत नाही.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन. "जबरदस्त आलायस रे पेटीत. सिनेमात ठेवतोय. तू फक्त हो म्हण, नोकरी राहील."

"नाही. काढून टाका."

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते, सर."

वाटतेच. अजूनही फोन वाजला की आधी नंबर बघतो, मगच उचलतो. उद्या गाडीची चावी हातात असेल की परतीचं तिकीट, ठाऊक नाही. पण ही भीती माझी आहे. ती मी कुणाला पडद्यावर लावू देणार नाही. गोडीत विचारलं तरी नाही. धमकावलं तरी नाही.