जाऊबाईंच्या धवल्यावर डीजे

नातवाच्या हळदीचा व्हिडिओ स्टेटसला टाकताना थोरल्या जाऊबाईंनी गायलेला धवला, म्हणजे लग्नातलं पारंपरिक गाणं, मला फारच म्हातारा वाटला. मी त्यांचा आवाज बंद करून कुणा गायकाचं डीजेचं गाणं चढवलं आणि मूळ व्हिडिओ पुसून टाकला. तेव्हा मी साठीतली अल्लड पोर होते!

लग्नातली ती जुनी गाणी आमच्या शिरगावच्या घरात त्यांना एकट्यांनाच पाठ. आता नातीची हळद तोंडावर आलीय आणि त्यांच्यात गायचा दम उरला नाही. घरातले सगळे मोबाइल धुंडाळून मी थकले, धवला कुठेच नाही. शेवटी त्यांना तोच सजवलेला व्हिडिओ दाखवला. बघून म्हणाल्या, "गो बाय, तोंड माजा न् गला त्या बाप्याचा! आता नातीच्या हळदीला तूच गा, डीजे मी लावतंय."