रशीदचाचांच्या फळीवरची चकती

बातमी फोनवर आली. "शहाद्याचे रशीदचाचा गेले गं," मैत्रीण म्हणाली. मी "अरेरे" म्हटलं आणि भट्टीचं तापमान वहीत लिहीत राहिले... मग पेन खाली ठेवलं.

काही वर्षांपूर्वी लोणखेड्याच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलसाठी अधिक चांगली सिरॅमिक चकती बनवायची, एवढंच माझं काम. हा सेल इंधन न पेटवता वीज देतो. त्यातली चकती ऑक्सिजनचे आयन पलीकडे जाऊ देते, वायूला मात्र अडवते. केसाएवढा तडा गेला की सगळ्या मेहनतीवर पाणी! आमची जुनी भट्टी बंद पडली तेव्हा ती दुरुस्त करायला चाचा आले. शाळा चौथीपर्यंत, पण भट्टीची तापणारी तार अशी गुंडाळायचे की माझे मार्गदर्शक सरही बघत राहायचे. माझी चकती बघून हसले, "इतली मोठी भट्टी आन् इतलीशी भाकर?" निघताना भट्टीच्या दाराला उलटा हात लावून म्हणाले, "असा हात लाईसन दख बेटा. चटका नई लागना, तवयच दार उघाड."

मी कसली ऐकते! सरांना चकत्या दाखवायची घाई होती. भट्टी गरम असतानाच दार उघडलं. टक्क आवाज झाला, सगळ्या चकत्या तडकल्या. सरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचांची तार नीट बसली नसेल." चाचा हत्यारं न्यायला आले होते, दारातच उभे. एक चकती उचलून खिशात टाकली आणि गेले. कॉलेजनं त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

लोणखेड्याहून शहादा असं कितीसं लांब! तरी गेले नाही. पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली, दर दिवाळीला ठरवायचे, यंदा माफी मागून येऊ. लाज वाटायची, दुसरं काय...

बातमी कळल्यावर त्यांच्या दुकानात गेले. फळीवर तीच तडकलेली चकती. मुलगा अय्यूब म्हणाला, "ताई, अब्बा सगळ्यांना ही दाखवायचे. घाई केली की असं होतं म्हणायचे. कोणी केली विचारलं, तर एकच उत्तर, 'मन्हीच चूक व्हयनी.' स्वतःवरच घ्यायचे. पण अब्बा तर कधी घाई करत नव्हते हो."

"त्यांनी नाही केली," मी म्हटलं. "मी केली."

अय्यूबनं चकती माझ्या हातात ठेवली. आता ती माझ्या भट्टीशेजारी असते. दाराला उलटा हात लावते, चटका बसतो, आणि मी थांबते.