चेक-आउटनंतरचा केर

खोली नंबर १०८ साडेअकराला रिकामी झाली होती. सव्वाबारा वाजून गेले तरी ती ‘रेडी’ झाल्याचा निरोप रिसेप्शनला आला नव्हता. खाली लॉबीत चार फ्रेंच पाहुणे बॅगांवर बसून होते. जनरल मॅनेजरचा, म्हणजे जीएमचा, मला फोन आला.

“मिसेस राव, तुमच्या त्या बायका झोपल्यात का?”

“बघते, सर.”

“बघण्यासारखं काय राहिलंय? सोमवारपासून रोज हेच. शनिवारी ही बॅच बंद.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंजावूरच्या एका नव्या हॉटेलात मी हाउसकीपिंगची प्रमुख होते. त्याच सुमारास गावाबाहेरच्या एका गिरणीत भात वाळवायची यंत्रं आली, आणि उकडलेली साळ अंगणात वाळत घालणाऱ्या बायका घरी बसल्या. मी मालकांच्या मागे लागले. म्हटलं, मद्रासहून अनुभवी मुलं आणण्यापेक्षा यांतल्या सहाजणींना तीन महिने शिकवू. स्टायपेंड, बसचा पास, दुपारचं जेवण देऊ. चांगल्या निघाल्या तर कायम करू. मालक हो म्हणाले. जीएमना मात्र ते कधीच पटलं नव्हतं.

पहिले अडीच महिने छान गेले. तेव्हा त्यांच्याकडे ‘स्टे-ओव्हर’ खोल्या होत्या, म्हणजे पाहुणा अजून राहतोय आणि फिरायला बाहेर गेलाय. ‘चेक-आउट’ म्हणजे पाहुणा सामान घेऊन गेला. अशी खोली पाऊण तासात पुढच्या माणसासाठी तयार व्हायला हवी. त्या सोमवारपासून मी त्यांना चेक-आउट खोल्या दिल्या आणि सगळं बिनसलं. सहाच्या सहाजणी उशीर करायला लागल्या.

मी जिना चढून वर गेले. १०८चं दार बंद. दाराशी ट्रॉली, आणि ट्रॉलीशेजारी जमिनीवर सेल्वी बसलेली. सहाजणींत सर्वांत हुशार. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. थोरली मुलगी नववीत. ही नोकरी लागली नाही तर तिची शाळा सुटणार हे मला ठाऊक होतं. मला पाहून ती ताडकन उठली.

“सेल्वी, काय चाललंय हे?”

“थांबलेय, मॅडम.”

“कशासाठी?”

माझा आवाज चढला. “तुझ्यासाठी मी मालकांकडे शब्द टाकला. शनिवारी तुम्हा सगळ्यांना घरी पाठवतायत. कळतंय का?”

तिचे डोळे भरले. मग हळूच म्हणाली, “या खोलीतल्या आजींना निघून तासही झाला नाही, मॅडम. एकट्याच रामेश्वरला जातायत. स्टेशनावर तरी पोचल्या असतील का? माणसाची पाठ वळली की लगेच केर कसा काढायचा?”

मी तिथेच भिंतीला टेकले. आमचं घर राजवाड्याजवळच्या गल्लीत. घरात मराठी, बाहेर तमिळ. माझा भाऊ मद्रासला निघाला की मी तासभर केरसुणीला हात लावत नाही. आई लावूच देत नसे. “अगो, तो बस चढू दे की,” म्हणायची. घरी मी हे बिनबोभाट पाळते आणि इथे त्याच गोष्टीला आळस म्हणत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

“बरं, केर नको काढूस. पण चादरी काढायच्या, बाथरूम धुवायची? त्याला तर काही हरकत नाही ना?”

“छे! त्याला कसली?”

“मग ते का नाही केलंस?”

सेल्वीने ट्रॉलीवर चिकटवलेल्या तक्त्याकडे बोट दाखवलं. सहापैकी चौघींना वाचता येत नव्हतं, म्हणून कामांचा क्रम मी चित्रांनी काढला होता. सर्वांत वर केरसुणी.

“पहिलं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंत.”

खरं होतं. रोज सकाळी मी तेच घोकून घेत होते.

मी ट्रॉलीवरची कात्री घेतली, केरसुणीचं चित्र कापलं आणि बाथरूमच्या चित्राखाली धरलं. “आधी चादरी काढ. मग बाथरूम. तोवर अर्धा तास जातो. मग केर, मग नवी चादर. चालेल?”

“तोवर आजी पोचतील,” सेल्वी म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली. उशीर झालाच होता. मी बाथरूम धुवायला घेतली.

संध्याकाळी जीएमना सगळं सांगितलं. ते वैतागले. “हॉटेलात अंधश्रद्धा नको, मिसेस राव.”

“सर, आयुधपूजेला, खंडेनवमीच्या दिवशी, आपण जनरेटरला गंध लावून त्याच्यापुढे कोहळा फोडला. कोहळा तुमच्याच हातात होता.”

ते हसले नाहीत, पण सहाही तक्ते बदलून शनिवारपर्यंत घड्याळ लावून बघायला कबूल झाले. मी त्या तीन दिवसांत नीट जेवले नाही. सहाजणींची एकही खोली पाऊण तासाच्या पुढे गेली नाही.

शनिवारी जीएमनी नेमणुकीच्या सहाही पत्रांवर सही केली. सेल्वीने पत्र माझ्यापुढे धरलं. “वाचा ना.” मी वाचलं. ‘कायम’ या शब्दाशी तिने मला थांबवलं आणि तो शब्द कागदावर कुठे आहे ते विचारलं. मी दाखवला. त्यावर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

पुढे मी अशा बऱ्याच बॅच शिकवल्या. पहिला दिवस मी शिकवत नसे. चहा मागवायचा आणि प्रत्येकीला विचारायचं, घरी तू काय करत नाहीस? बेकार माणसाला कामासाठी तयार कसं करायचं, असं लोक मला विचारतात. त्या सहाजणी तशा तयारच होत्या. मला मात्र तीन महिने लागले.