हुतात्म्याच्या हातात काय असावं?

गोष्टी छापून येवोत न येवोत, त्यांच्यापायी जे भोगावं लागतं त्याचे किस्से मात्र आपोआप साचतात. माझ्या छापील गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि किस्से पोतंभर. मैत्रिणी म्हणतात, तू किस्सेच लिही, ते तरी कोणी दुरुस्त करणार नाही. बघू या.

*

शिवाजी पार्कला अण्णासाहेबांच्या घरी दर शनिवारी आमचं कथामंडळ भरतं. अण्णासाहेब म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर. मंडळात मी सोडून सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि मी सोडून कोणीही गेल्या कित्येक वर्षांत गोष्ट लिहिलेली नाही. ते चर्चा करतात.

मंडळाचा नियम असा, की लेखकाने स्वतःची गोष्ट स्वतः वाचायची नाही. ती बापूराव वाचणार. आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. बापूराव जन्मभर कारकून होते, पण तरुणपणी नाटकात कामं करायचे. ते अजून अंगातून गेलेलं नाही.

माझ्या पहिल्या गोष्टीत एक वाक्य होतं, ‘ती काहीच बोलली नाही.’ बापूरावांनी ते वाचलं, डोळे मिटले आणि असा हुंदका दिला, की अण्णासाहेबांच्या पत्नी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. नंतर सगळी चर्चा त्या हुंदक्यावर झाली. निघताना एक गृहस्थ मला म्हणाले, “हुंदका फार छान लिहिलायस हो.”

*

आमच्या गिरगावच्या चाळीत वेगळाच त्रास. माझ्या एका गोष्टीतली बाई नवऱ्याचं घर सोडते. गोष्ट छापून आली आणि समोरच्या खोलीतल्या काकूंनी माझ्या आईला जिन्यात गाठून हळूच विचारलं, मुलीचं कुठे जमवून मोडलं का? माझं लग्न ठरलेलंही नव्हतं!

आई वैतागली. म्हणाली, “बाईवर लिहायचं बंद कर. एखाद्या विधुरावर लिही, म्हणजे कोणी तुझ्यावर घेणार नाही.”

मी विधुरावर लिहिलं. त्या आठवड्यात चाळीतल्या तीन बायका आईच्या प्रकृतीची चौकशी करून गेल्या.

*

आता ज्या गोष्टीने माझा जीव खाल्ला, तिच्याबद्दल.

लालबागच्या एका चाळीत मी गिरणीतल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. पहिल्या पाळीहून त्या येतात, केसांत कापसाचे तंतू तसेच असतात. त्यांतल्या भागीबाई मालवणकडच्या. त्यांचा वसंत एकोणीस वर्षांचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते त्या दिवसांत चाळीजवळच्या नाक्यावर गोळीबार झाला, त्यात तो गेला. चाळीच्या तोंडाशी आता त्याचा हार घातलेला फोटो आहे.

एकदा पाटी पुसता पुसता भागीबाई आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “रॉकेल आणूक गेल्लो. डबो हातातच होतो तेच्या.” आणि पुन्हा अक्षरं गिरवायला लागल्या.

घरी येऊन मी गोष्ट लिहिली. नावं बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं. सुरुवातीला आई मुलाच्या हातात डबा देते आणि लवकर ये म्हणते. शेवटी तो डबा रस्त्यावर गडगडत जातो. रिकामाच. एवढंच. आईने डबा दिला हे भागीबाई बोलल्या नव्हत्या, ते माझं. कोणी तरी दिलाच असणार ना?

इतकी खरी गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती.

*

शनिवारी बापूरावांनी ती वाचली. डब्यापर्यंत ठीक वाचली. मग ते खुर्चीतून उठले, हात वर केला आणि मरणाऱ्या मुलाच्या आवाजात म्हणाले, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!”

सगळे उभे राहिले. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. खालून फिरायला जाणाऱ्या कोणीतरी ‘झालाच पाहिजे’ म्हणून साथ दिली.

मी नियमाप्रमाणे गप्प. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत दिवे लागले. शेवटी मी म्हटलं, ते वाक्य माझ्या गोष्टीत नाही.

अण्णासाहेब मायेने म्हणाले, “नाही, हे खरं. पण असायला हवं होतं ना, बाळ?”

*

पुढच्या शनिवारची चर्चा ऐका. विषय: हुतात्म्याच्या हातात काय असावं?

रॉकेल नको, यावर एकमत. एकांना त्याचा वास आला. त्यांनी दूध सुचवलं. दुसरे म्हणाले, दूध बाळबोध होतं, आजारी आईचं औषध करा. तिसऱ्यांना पुस्तक हवं होतं. गोष्टीतला मुलगा गिरणीत बदली कामगार आहे, याची मी आठवण करून द्यायला गेले, तर मला गप्प बसायची खूण झाली, कारण अजून दोघांचं बोलणं राहिलं होतं. त्यांतले एक म्हणाले, डबा राहू दे, पण डब्यात घडी करून झेंडा ठेवू.

बापूरावांनी शेवटी निकाल दिला, की हात रिकामेच बरे, मूठ वळता येते.

मग डबा गेला. डबा गेल्यावर घराबाहेर पडायला कारण उरेना, म्हणून आई दारात आडवी आली. मुलगा तिचा हात हळूच बाजूला सारतो आणि मोर्चाला जातो. हे सगळं माझ्यासमोर घडलं, आणि चहा मला करायला लावला.

*

ही सुधारलेली गोष्ट लालबागला वाचायची टूम अण्णासाहेबांची. वसंताच्या आठवणीसाठी चाळीच्या मधल्या चौकात सभा होती. गॅलऱ्या गच्च भरलेल्या, पुढे सतरंजीवर गिरणीतल्या बायका. भागीबाई पहिल्या रांगेत.

बापूरावांनी त्या दिवशी कमाल केली. आई आडवी येते तिथे त्यांनी दोन्ही हात पसरले आणि आवाज असा फोडला, की वरच्या गॅलरीतली पोरं रडायला लागली. भागीबाईंनी पदर तोंडावर घेतला तो काढलाच नाही.

मला बघवेना. मी मधूनच उठून चिंचपोकळी स्टेशनपर्यंत तरातरा चालत गेले. त्या पोराचं मरण या म्हाताऱ्यांनी त्याच्या आईदेखत चोरलं, असं मला वाटत होतं. अण्णासाहेबांना मी दुसऱ्या दिवशी तोंडावर तसं सांगितलं. ते म्हणाले, तरुण वयात असं वाटतं.

*

मी हट्टाला पेटले. माझी गोष्ट माझ्या शेवटासकट छापून आणायची आणि भागीबाईंना स्वतः वाचून दाखवायची. एवढं झालं की मग लिहिणं सुटलं तरी चालेल.

दादरच्या एका मासिकाचे संपादक भले गृहस्थ. त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, “तुझा हुतात्मा रॉकेल आणायला जातो. मग लढा कोणी लढायचा?”

मी म्हटलं, “गोळीने त्याला तसं विचारलं नाही.”

त्यांना वाक्य आवडलं. म्हणाले, हे शेवटी घालू या! मी कपाळावर हात मारला. त्यांच्याकडेही मग सुधारणा सुरू झाल्या. प्रत्येक प्रुफावर डबा काढलेला असायचा, मी तो परत घालायची. शेवटी तर मी रोज रडतच छापखान्याच्या पायऱ्या उतरत होते.

आणि मग त्याच लढ्यात संपादकांनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले! अंक तर काढायचा होता. कंपोझिटरने समोर असेल ते जुळवलं, आणि समोर माझं प्रूफ होतं. गोष्ट डब्यासकट छापून आली. माझ्या वाङ्मयीन आयुष्यातला हा एकमेव विजय.

*

अंक घेऊन मी तशीच लालबागला गेले. भागीबाई पाळीवरून येऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं, ही खरी गोष्ट, त्या लोकांनी वाचली ती नव्हे. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला.

मी साध्या आवाजात वाचली. हुंदका नाही, हात वर नाही. डबा गडगडला, थांबला, मी अंक मिटला.

भागीबाईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं, एक खडा काढून टाकला. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे मी धाडलंय म्हणान गेलो तो?”

मी म्हटलं, असं कुठे लिहिलंय, गोष्टीत फक्त...

“डबो मीच दिलंय ना तेका? तुझ्या गोष्टीत?”

मी अंक मांडीवर ठेवला.

“त्या म्हाताऱ्यान वाचल्यान त्यात मी तेका अडवलंय,” भागीबाई म्हणाल्या. “दारात उभी रवलंय. तो ऐकाक नाय.” त्यांनी माझ्या मांडीवरचा अंक उचलून पुन्हा माझ्या हातात दिला. “ती वाच गो बाय.”

ती गोष्ट त्या अंकात नव्हती. ती कुठेच छापलेली नव्हती. मी अंक उघडला, माझंच पान समोर धरलं, आणि बापूरावांसारखा आवाज लावून आई दारात आडवी येते तिथून सुरुवात केली.