अप्पांनी झगा उतरवला तो रविवार

कमलनगरच्या बाजूनं येणाऱ्या गाडीतून आमच्या गावचे एक ओळखीचे गृहस्थ उदगीरला उतरले आणि स्टेशनवरून थेट माझ्या दारात आले. टोपी काढून हातात धरलेली. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "अक्का, पाणी ऱ्हाऊ दे. तुमचे अप्पा गेले." त्याला आता सहा आठवडे होतील.

माझे वडील शांतवन पाळक यांना सारी मंडळी अप्पाच म्हणायची. बीदर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात पत्र्याचं देऊळ होतं, चाळीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी होती, आणि अप्पा तिथं वीस वर्षं उपदेश करत होते. सुगी झाली की उपकारस्तुतीचा रविवार यायचा. लोक ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कोंबड्या आणून वेदीपुढं ठेवायचे. त्या दिवशी अप्पा दरवर्षी एकच गोष्ट सांगत, एली याजकाची. एलीची दोन मुलंही याजक होती. लोक देवाला बळी आणत, तर देवाचा वाटा देवाला जाण्याआधीच ही मुलं त्यातलं चांगलं मांस आपल्यासाठी काढून घेत. म्हाताऱ्या बापाला सगळं कळत होतं. तो बोलला, पण त्यानं त्यांना अडवलं नाही. पुढं दोघंही मुलगे एकाच दिवशी लढाईत पडले आणि ती बातमी ऐकून एली आसनावरून मागं कोसळून मेला... गोष्ट इथवर आली की अप्पांचा आवाज उतरायचा.

माझा थोरला भाऊ सुमंत मंडळीची शाळा चालवायचा. हुशार, बोलका, गावाचा लाडका. शाळेला सरकारी परवानगी नव्हती आणि ती महसुलाच्या गिरदावराच्या, म्हणजे गावोगाव तपासणीला फिरणाऱ्या अंमलदाराच्या, शिफारशीवाचून मिळणार नव्हती. त्या वर्षी उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी हा गिरदावर गावात मुक्कामाला आला. त्याच सकाळी भीमाक्का नावाची एक विधवा पाच कोस चालत आली होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लेक बाळंतपणातून वाचली म्हणून तिनं एक कोकरू देवाला बोललं होतं आणि वर्षभर हातानं चारून वाढवलं होतं. ते देवळामागं बांधून ती नात्यातल्या घरी उतरली.

दुपारी सुमंत अप्पांकडं आला. मी चुलीपाशीच होते.

"अप्पा, सायबाला जेवू घालायचंय. भीमाक्काचं कोकरू घ्यायलाव."

"ते देवाचं हाय रे."

"शाळाबी देवाचीच की. उद्या दुसरं आणून बांधतो. तिला कामून कळंल?"

अप्पा गप्प राहिले. सुमंतनं त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला. गिरदावर शाळेत जेवला, खूष झाला, आणि आमच्याही घरी ताट आलं. मीच वाढलं. अप्पा बराच वेळ ताटाकडं बघत बसले आणि मग जेवले. मीही जेवले.

दुसरं कोकरू काही मिळालं नाही. रविवारी सकाळी भीमाक्का झेंडूची माळ घेऊन देवळामागं गेली आणि मोकळा खुंटा बघून आत आली. "माझं कोकरू कुठाय?" तिनं विचारलं ते कुणा एकाला नव्हे, साऱ्या देवळाला. अप्पा वेदीपाशी उभे होते. त्यांनी पांढरा झगा काढला, घडी घातली, मेजावर ठेवला.

"एलीची गोष्ट मी तुम्हाला लई वर्सं सांगितली," ते म्हणाले. "आज सांगत न्हाई. भीमाक्का, तुझं कोकरू मी खाल्लं." मग खाली उतरून ते दाराजवळ, चपलांच्या शेजारी जाऊन बसले.

सुमंत तसाच उठून बाहेर गेला, आणि त्याच दिवशीच्या गाडीनं हैदराबादला. मी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. शाळेची परवानगी मात्र महिन्यात आली. अप्पा तिथं मुलांना बाराखडी शिकवू लागले, पण झगा पुन्हा अंगावर चढला नाही. बीदरहून वडीलधारे समजवायला आले. अप्पा म्हणाले, "एली पडला. मला देवानं नुसतं खाली बसवलं. ही दयाच हाय." महिन्यातून एकदा ते पाच कोस चालत भीमाक्काच्या गावी जायचे. पहिली दोन वर्षं ती दारातूनच आत वळायची. मग एकदा तिनं तांब्याभर पाणी दिलं. पुढं ती पुन्हा देवळात येऊ लागली.

अप्पांच्या मातीला सुमंत अण्णा आला, त्याला कुणी कळवलं कोण जाणे. अकरा वर्षांनी. केस पिकलेले. कुणी त्याला हटकलं नाही, कुणी जवळही आलं नाही. दफन झाल्यावर देवळात प्रार्थना होती. तो दारातच घुटमळला, मग सरळ भीमाक्कापुढं जाऊन उभा राहिला.

"तुझं कोकरू मी नेलतो, अक्का. अप्पांनी न्हाई."

भीमाक्कानं वर बघितलं. "ठाव हाय मला. गावानं त्याच दिवशी सांगितलं. तुझा बाप दर महिन्याला येऊन म्हणायचा, मी खाल्लं, माफ कर. एकदाबी तुझं नाव घेतलं न्हाई त्यानं. मीच वाट बघत व्हते, कधी घेतोय तुझं नाव."

अण्णा तिथंच खाली बसला.

पोराला पाठीशी घालायची अप्पांची चूक शेवटपर्यंत सुटली नाही, की दर महिन्याला स्वतःसाठी माफी मागता मागता त्या अकरा वर्षांत ती चूक उरलीच नव्हती... मला अजून ठरवता येत नाही. मी एवढंच पाहिलं, की भीमाक्का चटईवर थोडी सरकली आणि तिनं हातानं शेजारची जागा झाडली.